तानपुरा म्हणजे गोंगाट नव्हे

घरी बसून, संगणकावरून, दूरदेशीच्या विद्यार्थ्यांना गाणे शिकवायचे तर लॅपटॉपमधला माइक पुरत नाही, हे २०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातल्या अनेक संगीतशिक्षकांच्या ध्यानात आले. माझ्या गुरुजींच्याही आले. त्यांच्यासाठी एक छोटा मिक्सर, म्हणजे अनेक माइकांचे आवाज एकत्र करणारे यंत्र, आणला गेला, यूएसबीच्या वायरने तो लॅपटॉपला जोडला गेला आणि त्या जोडणीची देखभाल तेव्हापासून माझ्याकडे आहे. पुण्यातले विद्यार्थी आता पुन्हा घरी येऊन समोर बसतात, पण न्यू जर्सीतले दोघे-तिघे अजूनही पडद्यावरूनच शिकतात, त्यामुळे मिक्सर काही माळ्यावर गेलेला नाही.

त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते याचे कारण असे की, मिक्सरसोबत येणारी माहितीपुस्तिका आणि इंटरनेटवर मिळणारे मार्गदर्शन बहुतेक वेळा बोलणाऱ्या किंवा गिटार वाजवणाऱ्या माणसासाठी केलेले असते. आपल्या रागसंगीताची गरज निराळी आहे. त्यात एक आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड चालू असतो, आणि त्याचे अखंड असणे हाच त्या गाण्याचा पाया असतो. तो तानपुऱ्याचा आवाज समोरच्यापर्यंत शाबूत पोहोचवणे, हे या जोडणीतले सर्वांत अवघड काम आहे असे माझे मत झाले आहे. बाकीच्या अडचणी थोड्या चिकाटीने सुटतात. ही मात्र गाणे कळल्याशिवाय सुटत नाही.

यूएसबी मिक्सर दिसायला एक असला तरी त्याच्या आत दोन यंत्रे असतात. वर ज्या चकत्या, बटणे आणि दिवे दिसतात तो ॲनालॉग मिक्सर. माइकचा क्षीण विद्युतसंदेश मोठा करणे, त्याचे स्वररंग कमी-जास्त करणे आणि सगळे आवाज एकत्र आणणे हे त्याचे काम. त्याच्या पोटात एक साउंडकार्ड असते, जे त्या एकत्र झालेल्या आवाजाचे दर सेकंदाला हजारो नमुने घेऊन आकडे संगणकाकडे पाठवते. या दुसऱ्या यंत्राला वरून हात लावायला बहुधा काही नसते, आणि निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ नेमके तिथे असते. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी हेडफोन मिक्सरलाच लावायचा, संगणकाचा विचार मनातून काढून टाकायचा, आणि गाणे तिथे चोख ऐकू येईपर्यंत पुढे जायचे नाही. काही मिक्सरांना वीजही यूएसबीमधूनच मिळते. त्यांना तेवढ्यापुरता मोबाइलचा चार्जर लावावा. हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ आहे आणि संगणकात मात्र बिघडलेला आहे, असे दिसले की दोष साउंडकार्डापासून पुढे कुठेतरी आहे हे नक्की होते आणि शोधायची जागा एकदम निम्म्यावर येते.

गुरुजींच्या मिक्सरवर मांडणी अशी आहे. पहिल्या चॅनेलवर त्यांचा गाण्याचा माइक, दुसऱ्यावर त्यांच्या मिरजेच्या तानपुऱ्यासमोरचा माइक, आणि शेवटच्या जोड-चॅनेलवर मोबाइल, ज्यातल्या ॲपमधून तबल्याचा ठेका येतो. गाण्याचा माइक डायनॅमिक, म्हणजे मुख्यतः जवळचाच आवाज घेणारा आहे आणि तो तोंडापासून एक वीत अंतरावर असतो. खोली रस्त्याच्या बाजूला असल्यामुळे अधिक संवेदनशील अशा कंडेन्सर माइकने रिक्षासुद्धा मैफलीत आणून बसवली असती. तानपुऱ्यासमोर मात्र कंडेन्सर आहे, कारण जवारीतून, म्हणजे घोडीवर तारेला मिळणाऱ्या झंकारातून, सुटणारे बारीक, चमकदार स्वर त्याच्याइतके दुसरा माइक पकडत नाही. तो घोडीच्या अगदी समोर ठेवला तर आवाज कर्कश लागतो आणि भोपळ्याजवळ नेला तर नुसता घुमतो. घोडीपासून वीतभर दूर, किंचित वरच्या बाजूला ठेवल्यावर तारा आणि लाकूड दोन्ही ऐकू येतात.

कंडेन्सर माइकला चालण्यासाठी वीज लागते आणि ती माइकच्याच वायरमधून ४८ व्होल्टने जाते; मिक्सरवर त्यासाठी ‘४८ व्ही’ किंवा ‘फँटम’ असे बटण असते. हा ४८ चा आकडा कुठून आला याची गोष्ट मला आवडते. १९६६ मध्ये नॉयमन या जर्मन कंपनीने नॉर्वेच्या सरकारी नभोवाणीसाठी ट्रान्झिस्टरवर चालणारे माइक तयार केले, तेव्हा तिथल्या स्टुडिओंत हिवाळ्यातल्या काळोखासाठी राखीव दिव्यांची ४८ व्होल्टची वीज आधीच खेळवलेली होती. तीच माइकला द्यायचे ठरले आणि पुढे जगभर तेच प्रमाण झाले. छोट्या मिक्सरवर हे बटण बहुधा सर्व माइकांना मिळून एकच असते, म्हणून गुरुजींच्या डायनॅमिक माइकलाही ती वीज पोहोचते. त्याने काही बिघडत नाही. तीन पिनांच्या वायरीत दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेवर व्होल्ट सारखेच असतात, त्यामुळे माइकमधल्या वेटोळ्याला फरकच जाणवत नाही. वायर मात्र चांगली हवी; आत डाग निखळलेला असेल किंवा एका टोकाला साधा दोन भागांचा जॅक जोडलेला असेल, तर हा समतोल राहत नाही. आणि बटण दाबताना किंवा काढताना आवाज पूर्ण खाली घ्यावा, नाहीतर कानात असा ठोका बसतो की पुढची पाच मिनिटे सूर लागत नाही.

यानंतरची पायरी गेनची, आणि इथे थांबून वेळ द्यावा असे मी सर्वांना सांगते. प्रत्येक चॅनेलवर आवाज वाढवणाऱ्या दोन जागा असतात: सर्वांत वर गेन आणि सर्वांत खाली लेव्हल. गच्चीवरच्या टाकीचा कॉक आणि न्हाणीघरातला नळ यांच्यात जो फरक, तोच या दोघांत आहे. वरून पाणी नीट सुटलेले नसेल तर खालचा नळ कितीही फिरवून धार लागत नाही, आणि वरून पुराचा लोंढा आला असेल तर नळ बारीक करून गढूळ पाणी स्वच्छ होत नाही. गेन कमी ठेवून लेव्हल चढवली तर गाण्यासोबत मिक्सरची स्वतःची खरखर वर येते. गेन जास्त ठेवला तर आवाज पहिल्याच पायरीवर फाटतो आणि पुढे तो कुणालाही शिवता येत नाही.

गेन लावताना लोक माइकसमोर ‘हॅलो, हॅलो, वन टू थ्री’ म्हणतात. गायकासाठी ही चाचणी निरुपयोगी आहे. बोलण्याच्या आवाजावर बेतलेला गेन मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, आलापीला चालतो, पण तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, लागला की लाल दिवा पेटतो. मी गुरुजींना आधी तार सप्तकातला एखादा जोरकस भाग गायला सांगते, म्हणजे भूप गाणार असतील तर तार गंधार, आणि त्या क्षणी लाल दिवा जेमतेमही लागणार नाही एवढा गेन ठेवते. मग मंद्रातला पंचम ऐकते. तो हळू वाटला तरी गेनला हात लावत नाही. आलाप हळूच असतो. तो मोठा करून दाखवणे हे यंत्राचे काम नाही.

मिक्सरवरचे दिवे आणि संगणकावरची पट्टी यांचे शून्य एकच नसते, हेही इथेच सांगायला हवे. ॲनालॉग मिक्सरवर शून्य म्हणजे सोयीची पातळी असते आणि तिच्या वरही बरीच मोकळी जागा असते. संगणकावर शून्य म्हणजे छत. त्याच्या वर काहीच नाही, जे जाईल ते कापले जाते. म्हणून संगणकाच्या पट्टीवर सर्वांत मोठा स्वर उणे १२ ते उणे ६ डेसिबेलच्या दरम्यान राहील असे पाहावे. हिरवी रेघ अर्ध्यावरच राहते म्हणून लोकांना चुकल्यासारखे वाटते, पण २४ बिटांच्या नोंदीत सिद्धान्ततः १४४ डेसिबेलचा आवाका असतो, १६ बिटांच्या नोंदीतही ९६ चा. थोडी जागा रिकामी सोडल्याने गाण्याचे काही नुकसान होत नाही.

गुरुजींना मिक्सरचे एकही बटण ओळखीचे नव्हते, पण पहिल्या आठवड्यातच त्यांनी असा दोष दाखवला की जो मला कोणत्याही दिव्यावर दिसला नसता. त्यांनी हेडफोन लावला, तानपुरा एकदा पूर्ण छेडला, आणि म्हणाले, “अगं, जोड ऐकू येते, पंचमही ऐकू येतो. खर्ज कुठे गेला?” जोड म्हणजे मधल्या दोन तारा आणि खर्ज म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची तार. मी म्हटले, “गुरुजी, तार सैल झाली असेल का?” त्यांनी हेडफोन काढून तानपुऱ्याला कान लावला आणि नुसती मान हलवली. तार जागेवर होती. मिक्सर ज्यांच्याकडून वापरलेला मिळाला होता, त्यांनी तो भाषणांसाठी वापरला होता आणि दुसऱ्या चॅनेलवरचे ‘लो कट’चे छोटे बटण दाबलेलेच होते.

हे बटण साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे सगळे हळूहळू कमी करत नेते. भाषणासाठी ते उत्तम आहे, कारण माणसाच्या बोलण्यात त्या खाली कामाचे फारसे काही नसते; असते ती टेबलाची धडधड आणि फुंकर. पण गुरुजी काळी एकमध्ये गातात, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा. त्या पट्टीतला मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झवर येतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या बरोबर निम्म्यावर, ६९.३ हर्ट्झवर. म्हणजे ते बटण खर्जाच्या मुळावरच येत होते. कान उरलेल्या उपस्वरांवरून मूळ स्वर ओळखून घेतो, म्हणून स्वर चुकल्यासारखे वाटत नाही. पण त्याचे वजन जाते, आणि आयुष्यभर त्या वजनावर सा ठेवलेल्या माणसाला ते तत्काळ कळते. तेव्हापासून तानपुऱ्याच्या चॅनेलवर लो कट बंद आणि गळ्याच्या चॅनेलवर चालू, अशी विभागणी आहे. ठेक्याच्या चॅनेलवरही खालचे स्वर कापू नयेत. डग्ग्याचा घुमारा तिथेच असतो.

आता संगणकाकडे. यूएसबी वायर लावली की पुष्कळ मिक्सर स्वतःची ओळख ‘यूएसबी ऑडिओ कोडेक’ एवढीच सांगतात, कारण आतल्या चिपचे ते सामान्य नाव असते. यादीत आपल्या मिक्सरचे नाव शोधत बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्याच क्षणी संगणक मिक्सरला माइक समजतो तसाच स्पीकरही समजतो, आणि लॅपटॉपच्या स्पीकरमधून येणारा आवाज बंद पडतो. तो बिघाड नसतो. आवाज मिक्सरकडे वळलेला असतो. मिक्सरवर दिवे नाचत आहेत पण संगणकात पूर्ण शांतता आहे, असे झाल्यास विंडोजच्या प्रायव्हसीच्या पानावर मायक्रोफोनची परवानगी पाहावी. ती नाकारलेली असेल तर कसलीही सूचना न देता शांतता मिळते. आवाज एकाच कानात येत असेल तर चॅनेलचे पॅन, म्हणजे आवाज डाव्या-उजव्या बाजूला वळवणारी चकती, मधोमध आहे का ते पाहावे.

नमुन्यांच्या दराचा, म्हणजे सॅम्पल रेटचा घोळ मात्र एवढ्यावर सोडून देण्यासारखा नाही, कारण तो गाण्याच्या मुळाशी जातो. सीडीचा दर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा, व्हिडिओचा ४८,००० चा. संगणक बहुतेक वेळा मधल्या मध्ये रूपांतर करून घेतो आणि कुणाला काही कळत नाही. पण कधी आवाज ४४,१०० ने घेतला जातो आणि फाइलवर नोंद ४८,००० ची पडते. मग वाजवताना ती फाइल जवळपास ९ टक्के जलद धावते आणि सूर पेटीच्या सुमारे दीड पट्टीने, म्हणजे दीड अर्धस्वराने चढतो. गुरुजींनी सरावासाठी पाठवलेली एक बंदिश न्यू जर्सीतल्या विद्यार्थ्याच्या तानपुऱ्याशी काही केल्या जुळेना. त्याचा तानपुरा काळी एकला होता, आणि फाइलमधला सा पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या जवळपास मधोमध लागत होता. गायक इतक्या आडनिड्या ठिकाणी बसत नाही, आणि नुसता आवाज ऐकून गुरुजी तरुण झाल्यासारखे वाटत होते, यावरून कारण सापडले. विंडोजमध्ये, ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्राममध्ये आणि मिक्सरचा स्वतःचा ड्रायव्हर असल्यास त्यातही, तिन्हीकडे ४८,००० हा एकच दर लिहून टाकावा. संगणकाच्या मोठ्या अपडेटनंतर तो पुन्हा पाहावा.

प्रतिध्वनीची तक्रार सर्वांत जास्त येते आणि तिची फोड करायला थोडे डोके शांत ठेवावे लागते. विद्यार्थी म्हणतो, “गुरुजी, मला माझाच आवाज परत ऐकू येतोय.” अशा वेळी दोष बहुतेक वेळा ऐकणाऱ्याकडे नसून दुसऱ्या टोकाला, म्हणजे आपल्याकडे असतो. विद्यार्थ्याचा आवाज संगणकातून यूएसबीमार्गे मिक्सरवर येतो. तो मिक्सरच्या मुख्य मिश्रणात मिसळला तर मुख्य मिश्रणच यूएसबीने परत संगणकाकडे जाते, आणि त्याचा आवाज पृथ्वीला वळसा घालून त्याच्या कानी पडतो. उपाय असा की, परत येणारा आवाज फक्त हेडफोनकडे वळवायचा. अनेक मिक्सरांवर त्यासाठी वेगळे बटण असते. यामाहाच्या एजी-०३ सारख्या काही छोट्या मिक्सरांवर तीन जागांची कळ असते, त्यातली ‘लूपबॅक’ ही जागा संगणकाचा आवाज मुद्दाम परत पाठवण्यासाठी, थेट प्रक्षेपणात पार्श्वसंगीत देण्यासाठी केलेली असते. शिकवणीच्या वेळी कळ ‘इनपुट मिक्स’वर हवी. आणि ज्या मिक्सरवर असे काहीच नसेल, तिथे मिक्सर केवळ माइक म्हणून निवडावा आणि विद्यार्थ्याचा आवाज लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून ऐकावा.

गुरुजींना स्वतःचा आवाज मिक्सरमधून थेट, विनाविलंब ऐकू येतो, हा साध्या यूएसबी माइकपेक्षा मिक्सरचा मोठा फायदा आहे. तोच आवाज संगणकातून फिरून आला तर वेळ लागतो. संगणक नमुने गठ्ठ्याने घेतो. ४८,००० च्या दराने २५६ नमुन्यांचा गठ्ठा भरायला ५.३ मिलिसेकंद लागतात, १,०२४ चा भरायला २१.३. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तेव्हा पहिला विलंब पावणेदोन मीटरवर बसलेल्या तबलजीएवढा आहे आणि दुसरा सात मीटरवर, म्हणजे शेजारच्या खोलीत बसलेल्या तबलजीएवढा. शिवाय जाण्याचा आणि येण्याचा असे दोन गठ्ठे मोजावे लागतात. थेट आवाज आणि फिरून आलेला आवाज दोन्ही एकाच वेळी ऐकू आले की गळा पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटतो. तसे वाटल्यास ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्राममधले ‘मॉनिटर’ बंद करावे.

समुद्रापलीकडचा विलंब मात्र कोणत्याही चकतीने जात नाही. पुणे ते न्यू जर्सी सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका बाजूचेच साठ मिलिसेकंद निसर्गाने आकारलेले आहेत, आणि प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट लागतात. द्रुत तीनतालात एक मात्रा पाव सेकंदाची असते. म्हणून गुरुजी ठेका विद्यार्थ्याच्या बाजूला लावायला सांगतात, स्वतः तो ऐकून दाद देतात, आणि एकत्र गाण्याचा आग्रह धरत नाहीत.

हमिंगबद्दल, म्हणजे विजेमुळे येणाऱ्या घरघरीबद्दल, लोक घाबरून प्रश्न विचारतात, पण निदान सोपे आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही घरघर ५०, १००, १५० अशा ठिकाणी ऐकू येते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे. घरघर थांबली तर मिक्सर आणि लॅपटॉप यांच्या अर्थिंगचे मार्ग वेगवेगळे आहेत आणि त्यांतला फरक वायरमधून वाहतो आहे. दोन्ही एकाच एक्सटेन्शन बोर्डावर घ्यावेत, वायर संतुलित म्हणजे तीन भागांच्या जॅकच्या वापराव्यात, ठेक्याचा मोबाइल वर्गाच्या वेळी चार्जिंगला ठेवू नये. काही जण अर्थिंगची पिन कापून टाकतात आणि घरघर गेली म्हणून समाधान मानतात. हे कदापि करू नये. ती पिन माइक हातात धरणाऱ्याच्या जिवासाठी असते.

या घरघरीला स्वतःचा सूर असतो आणि तो काळी एकच्या सा समोर तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मध्येच कुठेतरी पडतो. पंचमात लावलेल्या तानपुऱ्याशी तो सतत भांडत राहतो, म्हणून अगदी क्षीण असला तरी गाणाऱ्याला अस्वस्थ करतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्यामुळे न्यू जर्सीतल्या विद्यार्थ्याची घरघर शुद्ध धैवत आणि कोमल निषाद यांच्या मधोमध येते. त्यामुळे घरघर कुणाच्या घरची आहे हे गुरुजींना न विचारताही कळते.

एवढे सगळे जागेवर आले आणि तरीही पहिल्या वर्गात विद्यार्थ्यांकडून निरोप आला की तानपुरा ऐकू येत नाही. मिक्सरवर दिवे व्यवस्थित, हेडफोनमध्ये खर्जासकट चारही तारा स्वच्छ. मी दुसऱ्या खोलीत जाऊन मोबाइलवरून तोच वर्ग ऐकला. सुरुवातीचे दोन-तीन सेकंद तानपुरा भरघोस येत होता, मग कुणी हळूहळू दार लोटावे तसा मागे जात होता आणि पूर्ण नाहीसा होत होता. गुरुजी गायला लागले की त्यांच्या स्वराच्या आडून त्याचे तुकडे डोकावत होते, आणि ते थांबले की तोही तुटत होता. त्याहून वाईट म्हणजे गुरुजींनी आकारात लांबवलेला षड्जही मध्यावर पातळ होत चालला होता.

सभा आणि संभाषणासाठी केलेल्या प्रोग्रामांमध्ये आवाजाची सफाई आपोआप होत असते. जे बदलते ते बोलणे आणि जे स्थिर राहते तो गोंगाट, अशा अंदाजावर जुन्या पद्धती चालतात; नव्या पद्धतींना मानवी बोलण्याचे आणि इतर आवाजांचे असंख्य नमुने देऊन फरक शिकवलेला असतो. दोन्हींच्या हिशेबात तानपुरा पंख्याच्या रांगेत बसतो. कार्यालयातल्या माणसासाठी हा हिशेब बरोबर आहे आणि त्यामागची मेहनत मोठी आहे, हे मी मान्य करते. पण रागसंगीतात स्थिर राहणे हा गुण आहे. सा स्थिर ठेवायला शिकण्यात विद्यार्थ्याची पहिली वर्षे जातात, आणि तो जितका अधिक स्थिर लागेल तितका यंत्राला तो अधिक पुसून टाकण्याजोगा वाटतो. ज्या गोष्टीची गुरूने साधना सांगितली तीच गोष्ट वाटेत गाळली जात असेल, तर तो वर्ग गाण्याचा राहत नाही, असे मला मनापासून वाटते.

म्हणून ही सफाई बंद करणे, हे आमच्या जोडणीतले सर्वांत महत्त्वाचे काम ठरले. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ नावाची सोय आहे. ती आधी सेटिंगमध्ये चालू करावी लागते आणि नंतर वर्ग सुरू असताना पडद्याच्या कोपऱ्यातही चालू असल्याची खात्री करावी लागते. तिच्याखाली उच्च दर्जाच्या संगीताचा पर्याय असतो, तोही घ्यावा. प्रतिध्वनी काढणारा पर्याय बंद करायचा असेल तर दोन्हीकडे हेडफोन हवेत. माइकची पातळी आपोआप जुळवण्याची खूण काढून टाकावी, कारण ती आलापातल्या विश्रांतीत गेन चढवते आणि तान आली की उतरवते. विचारपूर्वक लावलेल्या गेनवर तो न दिसणारा हात सतत फिरत असतो. विंडोजच्या ध्वनीच्या पानावर ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ असतील तर तीही बंद. आणि प्रत्येक जण स्वतःकडून जाणाऱ्या आवाजाचीच सफाई बंद करू शकतो, म्हणून विद्यार्थ्यालाही त्याच्या बाजूला हेच सगळे करायला सांगावे लागते. नाहीतर त्याचा सा गुरुजींपर्यंत पातळ होऊन पोहोचतो आणि त्याला नसलेल्या दोषाबद्दल बोलणी बसतात.

आता तानपुऱ्याच्या चॅनेलची चकती गुरुजी स्वतः फिरवतात. बाकीच्या चकत्यांच्या जागा मी पांढऱ्या चिकटपट्टीवर खुणा करून ठेवल्या आहेत, पण त्या एकीवर खूण नाही. भैरवला त्यांना तानपुरा अधिक भरलेला हवा असतो, तराणा शिकवताना मागे. वर्ग सुरू होताना ते समोरच्याला विचारतात, “खर्ज येतोय का रे?” आणि तो ‘हो’ म्हणाला तरी त्याच्याकडून सा लावून घेतात, कारण खर्ज खरोखर पोहोचला आहे की नाही, हे त्याच्या सा वरून त्यांना जास्त खात्रीने समजते.

सफाई बंद केल्यावर पंखा मात्र आमच्या पदरात पडला. पुण्यातल्या एप्रिल-मेमध्ये पंखा लावल्याशिवाय बसता येत नाही, आणि तो आता पूर्वीसारखा कुणी गाळून देत नाही. गाण्याचा माइक आणखी जवळ घेतला, कारण अंतर निम्मे केले की गळ्याचा आवाज सुमारे ६ डेसिबेलने वाढतो, तेवढा गेन खाली घेता येतो आणि गेनसोबत पंखाही खाली जातो. छताचा पंखा वर्गापुरता बंद ठेवून टेबलफॅन आणला. दोन्ही माइक समोरचे जास्त आणि पाठीमागचे सर्वांत कमी ऐकणारे आहेत, म्हणून पंखा त्यांच्या पाठीशी, म्हणजे गुरुजींच्या समोरच्या भिंतीशी ठेवावा लागतो. वारा गळ्यावर आलेला त्यांना चालत नाही, तेव्हा तो जमिनीवर, पायांच्या दिशेने, सर्वांत कमी वेगावर असतो.